धरणातला मासा कोणाचा?

नदीतल्या माशावर कोणी मालकी सांगू लागला तर लोक त्याला हसतील. गावतळ्यातल्या माशावर सांगितली तर हसणार नाहीत. तळे ज्याचे त्याचा मासा, एवढे न्यायशास्त्र गुरे वळणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. पण धरणाचे काय? धरण म्हणजे धड नदी नव्हे आणि धड तळेही नव्हे. त्यातले पाणी आकाशाचे, भिंत सरकारची, तळाची जमीन कालपरवापर्यंत कुणा शेतकऱ्याची, आणि त्या पाण्यात पोहणारा मासा? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. ते शोधायला गेले की मालकी, श्रम, धोका, भरपाई आणि उद्याची काळजी अशा पाच-सहा गोष्टी एकमेकींच्या पायात पाय घालून उभ्या राहतात.

आमच्या भागात हा प्रश्न पुस्तकातला नाही. बऱ्हाणपूर १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडातून फुटून स्वतंत्र जिल्हा झाले. पण तापीने जिल्हा किंवा राज्य यांपैकी कशाचीच शीव कधी मानली नाही. आमच्याकडे दोन दिवस पाऊस लागून राहिला की खाली भुसावळ तालुक्यात हतनूरचे दरवाजे उचलल्याची बातमी येते. एकेचाळीस दरवाजांचे ते धरण तापी-पूर्णेच्या संगमाच्या खाली आहे, आणि जिथे योगी चांगदेवांचे मंदिर उभे आहे त्या संगमापाशी त्याचे फुगवट्याचे पाणी पसरलेले असते. हतनूर गाळाने भरत चालले आहे ही गोष्ट निराळी. उत्तरेला, खंडव्याच्या पलीकडे, नर्मदेवर इंदिरा सागर. त्याचा विस्तार नऊशे चौरस किलोमीटरांहून अधिक. २००४ च्या पावसाळ्यात हरसूद नावाचे एक भरलेले, नांदते गाव माणसांनी स्वतःच्या हातांनी मोडले आणि ते या पाण्याखाली गेले. त्याच्याबरोबर सुमारे अडीचशे खेडी पूर्ण किंवा अंशतः गेली. बऱ्हाणपूरच्या बाजारात पाटीवर रोहू किंवा कटला दिसला की तो तापीचा आहे की अशा एखाद्या जलाशयाचा, हे विचारण्याची पूर्वी गरज नसे. आता विचारावे लागते.

हा मासा पकडतो कोण? मोठ्या जलाशयावर लाकडी डोंगे आहेत, कुठे कुठे यंत्राच्या होड्याही आहेत. पण ज्याच्यापाशी डोंग्याइतकेही भांडवल नाही असा माणूस ट्रकच्या टायरची ट्यूब घेतो. तीत हवा भरतो, वर एक आडवी फळी बांधतो किंवा नवारीची पट्टी विणतो, आणि पाय दुमडून तीवर बसतो. वल्ह्याच्या जागी दोन हातांत दोन फळकुटे. पुढ्यात तंगुसाच्या जाळ्याची गुंडाळी. काही ठिकाणी थर्माकोलचे ठोकळे पोत्यात शिवून तराफा करतात. परदेशांत आणि आता आपल्याकडेही हौशी मंडळी जिला कयाक म्हणतात, ती एकट्या माणसाची निमुळती नाव. तिचीच ही गरीब बहीण. दोन्हींत तत्त्व एकच आहे: माणूस नावेत बसत नाही, नाव अंगाला लावून घेतो. तो कलला की ती कलते.

मोठ्या पाण्यावर ही नाव किती अपुरी असते, हे काठावरून कळत नाही. लहान तळ्यात वारा सुटला तर पाण्यावर सुरकुत्या पडतात, एवढेच. लाट उठायला नुसता जोराचा वारा पुरत नाही. तो बराच वेळ वाहावा लागतो आणि त्याच्यापुढे मोकळे पाणीही लांबवर असावे लागते. इंदिरा सागरासारख्या पाण्यावर दोन्ही गोष्टी मिळतात. मैल-दोन मैल मोकळे पाणी मिळाले की तोच वारा गुडघाभर लाटा उठवतो, आणि त्या समुद्रासारख्या लांब, संथ नसतात. आखूड आणि एकीच्या पाठीला दुसरी लागलेली अशा असतात. सकाळी वारा पाठीशी घेऊन माणूस सहज दूर जातो. दुपारी तोच वारा छातीवर घेऊन परतायचे असते, आणि आता ट्यूबमध्ये मासळीचे ओझे असते. म्हणजे जितके यश अधिक तितके परतणे कठीण. एका वयस्क भोयाने मला एकदा सांगितले, "गुरुजी, जायचं आपल्या हातात हाय. यायचं वाऱ्याच्या." मी म्हटले, "मग अर्ध्यावरून का नाही परतत?" तो म्हणाला, "जाळं तर काल संध्याकाळीच टाकलेलं ऱ्हायतं ना, बाबा."

या उत्तरात सगळी अडचण आली. गळ टाकून बसणारा हौशी माणूस वारा पाहून मुक्काम हलवू शकतो. जाळे लावणाऱ्याचा निर्णय आदल्या संध्याकाळीच झालेला असतो. सकाळी आभाळ कसेही असो, जाळे उचलायला जावेच लागते, नाहीतर मासा जाळ्यात मरून सडतो आणि जाळेही जाते. बुडालेल्या झाडांची खोडे पाण्याखाली उभी असतात. त्यांत जाळे अडकले तर ओढावे की कापावे हे एका हाताने ठरवायचे, कारण दुसऱ्या हाताने तोल सांभाळायचा असतो. शिंगाळ्याचा काटा ट्यूबला लागला तर हवा जाते. हिवाळ्यात पहाटेचे धुके उतरले की काठ कुठल्या बाजूला आहे हेच कळेनासे होते. उन्हाळ्यात पाणी ओसरते आणि काठ अर्धा-अर्धा कोस मागे सरतो; मधला गाळ असा असतो की पाण्यातून सुखरूप आलेला माणूस त्यात मांडीपर्यंत रुतून बसतो. या माणसाच्या अंगावर तरंगण्याचे जाकीट बहुधा नसते. पोहता येते, हाच त्याचा विमा.

आता पहिला युक्तिवाद उभा राहतो, आणि तो मनाला चटकन पटतो. ज्याने एवढे कष्ट केले, एवढा जीव धोक्यात घातला, मासा त्याचा. हा युक्तिवाद फार जुना आहे. सहाव्या शतकात, ५३३ साली, रोमन सम्राट जस्टिनियनने कायद्याचे जे पाठ्यपुस्तक सिद्ध करवले त्यात हवा, वाहते पाणी आणि समुद्र ही सर्वांची सामायिक मानली आहेत. रानातले श्वापद, आकाशातला पक्षी आणि पाण्यातला मासा जो पकडील त्याचा. नुसता जखमी केला तर पुरेसे नाही, हाती आला पाहिजे. आणि हातून निसटून पुन्हा मोकळा झाला तर मालकीही संपली. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने याला पाया दिला. माणसाचे शरीर त्याचे, म्हणून शरीराचे श्रम त्याचे, म्हणून निसर्गातल्या ज्या वस्तूत त्याने आपले श्रम मिसळले ती वस्तू त्याची. उदाहरण म्हणून त्याने महासागरातल्या माशाचाही उल्लेख केला आहे. पण लॉकने याला एक अट जोडली होती आणि ती लोक सोयीने विसरतात: मागून येणाऱ्यांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे.

तथापि कष्ट आणि धोका यांनी मालकी सिद्ध होते असे म्हणायला माझे मन धजत नाही. राखीव जंगलातून रात्री सागाचे ओंडके वाहून नेणाराही कष्ट करतो, आणि जीवही धोक्यात घालतो. भिंतीवरून उडी मारणाऱ्या चोराचा पाय मोडला म्हणून आतला ऐवज त्याचा होत नाही. धोका ही करुणेची बाब आहे, हक्काची नव्हे. वस्तू आधी कोणाचीच नसेल तर तिच्यावर खर्च केलेले श्रम ती आपली करतात. आधीच कोणाची असेल तर तेच श्रम चोरीचे श्रम ठरतात. म्हणजे प्रश्न पुन्हा होता तिथेच आला. ट्यूबवरच्या माणसाने हात घालण्यापूर्वी तो मासा कोणाचा होता?

इथे ठेकेदार पुढे येतो, आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याला खलनायक ठरवणे हा आमच्या मराठी लेखकांचा जुना आळस आहे. तो म्हणतो, हा मासा नदीने दिलेला नाही. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्याचे वाहते, चढते पाणी लागते. धरणाने नदी अडवली की त्यांची वाट अडते. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी डॉ. अलिकुन्ही यांच्यासह ओरिसात माशांना पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणले, म्हणून आज देशभर मत्स्यबीज मिळते. ते बीज विकत घ्यावे लागते, बोटाएवढे होईपर्यंत जपावे लागते आणि मग जलाशयात सोडावे लागते. ज्याने ही बोटुकली सोडली त्याने पेरणी केली. दुसऱ्याच्या पेरणीवर रात्री विळा चालवणे याला आपण एरवी काय म्हणतो? या म्हणण्यात वजन आहे. ते मी नाकारत नाही.

पण पेरणीची उपमा पुरती लागू पडत नाही. शेतकरी स्वतःच्या किंवा खंडाने घेतलेल्या शेतात पेरतो, खत घालतो, राखण करतो. जलाशयात सोडलेला मासा कशावर वाढतो? नव्या धरणात पहिली काही वर्षे मासळीचे उत्पादन एकदम उसळते आणि मग ओसरते, हे मत्स्यशास्त्राला चांगले ठाऊक आहे. कारण साधे आहे. बुडालेली झाडे, गवत, पाने, शेणखत घातलेल्या शेतांची काळी माती, गोठ्यांच्या जागा, हे सगळे पाण्यात कुजते, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांच्यावर मासे वाढतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने त्या शेतात गाडाभर शेणखत टाकले, त्याचे खत त्या माशाच्या अंगी लागलेले असते. मग बोटुकली सोडणाऱ्याने पेरले म्हणावे, तर मशागत कोणाची?

कायद्याने यातून वाट काढण्याचा प्रयत्न केलेला आहे. १८६० च्या दंडसंहितेत चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिकपणे हलवणे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली तरी चोरीचे तत्त्व तेच राहिले. यातला मोलाचा शब्द आहे ताबा. न्यायालयांनी साधारण असा फरक केला की बंदिस्त तळ्यातला मासा मालकाच्या ताब्यात असतो, कारण तो पळून जाऊ शकत नाही. उघड्या नदीतला मासा कोणाच्याच ताब्यात नसतो, म्हणून तो पकडणे ही चोरी होत नाही, फार तर मासेमारीच्या हक्काचा भंग होतो. नऊशे चौरस किलोमीटरांच्या पाण्यातला मासा कोणाच्या ताब्यात आहे असे म्हणायचे? त्याला तर आपण कोणाच्या ताब्यात आहोत याची गंधवार्ताही नसते. जस्टिनियनचा पंडित इथे असता तर दाढी खाजवत बसला असता.

तिसरा दावेदार पाण्याच्या तळाशी आहे. त्याच्याबद्दल बोलू लागले की लगेच उत्तर मिळते, भरपाई दिली, विषय संपला. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ज्यांच्या जमिनी गेल्या (तो कायदा २०१४ च्या आरंभी इतिहासजमा झाला) त्यांना जमिनीची किंमत मिळाली, हे खरे. पण ज्या व्यवहारात एका पक्षाला नाही म्हणण्याची मुभाच नसते त्याला विक्री म्हणणे भाषेवर अन्याय आहे. शिवाय किंमत मिळाली ती कागदावरच्या जमिनीची. मोहाची झाडे, चराई, नदीकाठची वाळवट, डोहातला मासा, यांपैकी काहीच खसऱ्यात नव्हते आणि सातबाऱ्यातही नव्हते.

हे बोलताना एक गोष्ट लपवता कामा नये. विस्थापितही सगळे एक नव्हेत. नदीवर पिढीजात मासेमारी करणारे भोई, ढीमर, केवट वेगळे. ज्यांची शेते बुडाली म्हणून नाइलाजाने ज्यांनी जाळे हाती घेतले ते गोंड, कोरकू वेगळे. धरण झाल्यावर हे दोघे एकाच पाण्यावर समोरासमोर येतात. एक म्हणतो, पाणी आमचे कारण हा धंदा आमचा. दुसरा म्हणतो, पाणी आमचे कारण खालची जमीन आमची. दोन गरिबांचे भांडण लागले की तिसऱ्याचे फावते हे खरे, पण तेवढे म्हणून सुटका होत नाही. दोघांत कोणाचे खरे हे सांगावेच लागते. मला वाटते दोघांचेही नुकसान एकाच जातीचे आहे. भोयाचे शेत वाहते होते, एवढाच फरक. उथळ वाहत्या पाण्यावर, डोहा-डोहातून ओळखीच्या माशांवर जगण्याची त्याची विद्या खोल, साचलेल्या पाण्यात निम्मी निरुपयोगी होते. धरणाने त्यालाही भूमिहीन केले, मात्र नुकसानीच्या यादीत त्याचे नाव आले नाही. म्हणून जलाशयावर पहिला हक्क या दोघांचा मिळून आहे, आणि तो कसा वाटून घ्यायचा ते त्यांनी बसून ठरवायचे आहे.

असे बसून ठरवता येते का? शंका घेणाऱ्यांनी तवेकडे पाहावे. होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, इटारसीजवळ नर्मदेच्या तवा या उपनदीवर धरण झाले ते १९७० च्या दशकात. चव्वेचाळीस गावे गेली. मुख्यतः गोंड आणि कोरकू. त्यांच्यापैकी कित्येकांना त्याच भागात दारूगोळ्याच्या चाचणी क्षेत्रासाठीही उठावे लागले होते. धरणातली मासेमारी आधी सरकारी महामंडळाकडे होती, मग १९९४ मध्ये खासगी ठेकेदाराकडे गेली. आणि ज्यांची गावे तळाशी होती ते लोक आपल्याच शिवारावर मासे धरले म्हणून चोर ठरू लागले. किसान आदिवासी संघटनेने आंदोलन केले. समाजवादी कार्यकर्ते सुनील (१९५९-२०१४) हे त्यातले एक प्रमुख. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस केसल्यासारख्या आडगावी जन्म काढायला आला होता. अखेर १९९६ मध्ये शासनाने विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघाला, तवा मत्स्य संघाला, पाच वर्षांचा पट्टा दिला. २००१ मध्ये तो आणखी पाच वर्षांसाठी वाढवला.

तवेची दहा वर्षे या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत. जे काल रात्री चोरून जाळे लावत होते तेच संघाचे सभासद झाल्यावर पाण्याची राखण करू लागले. पावसाळ्यातली बंदी त्यांनी पाळली. दरवर्षी मत्स्यबीज विकत आणून सोडले. उत्पादन आधीच्या व्यवस्थेपेक्षा चांगलेच वाढले, पकडणाऱ्याला किलोमागे मिळणारा मोबदला वाढला, आणि तवेचा मासा इटारसीहून रेल्वेने हावड्यासारख्या दूरच्या बाजारांत जाऊ लागला. सगळे आलबेल होते असे कोणी म्हणणार नाही. अशा संस्थांत जे रुसवेफुगवे, हिशेबाचे घोळ असतात तेही तिथे असणारच. पण अडाणी माणसाला उद्याची काळजी नसते, त्याच्या हाती पाणी दिले तर तो मासळीचा निर्वंश करील, हे भाकीत खोटे ठरले.

हे भाकीत शास्त्राच्या वेषात आले होते, म्हणून त्याचा थोडा परामर्श घेतला पाहिजे. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एक गाजलेला निबंध लिहिला. सामायिक कुरणावर प्रत्येक गुराखी आणखी एक गुरू सोडतो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटलेला; म्हणून सामायिक वस्तूचा नाश अटळ, सबब ती सरकारने घ्यावी किंवा कोणाच्या तरी मालकीची करावी. ट्यूबवरच्या एकट्या माणसाला हा तर्क अगदी लागू पडल्यासारखा दिसतो: मी सोडलेला मासा दुसरा कोणीतरी धरणारच, मग मी का सोडू? पण एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने हार्डिनचे कुरण कागदावर मांडले नाही, ती प्रत्यक्ष पाहायला गेली. स्वित्झर्लंडची कुरणे, स्पेनचे पाटबंधारे, जपानची जंगले, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचे कोळी यांचा अभ्यास तिने १९९० च्या पुस्तकात मांडला आणि दाखवून दिले की जिथे लोकांना एकमेकांशी बोलता येते, नियम स्वतः करता येतात, आणि आपण केलेले नियम वरून कोणी मोडून टाकणार नाही असा भरवसा असतो, तिथे सामायिक वस्तू शतकानुशतके टिकते. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या विषयात ते मिळवणारी ती पहिली स्त्री. हार्डिनचा गुराखी मुका होता, हीच त्याची खरी शोकांतिका.

वरून कोणी मोडणार नाही हा भरवसा तवेला मिळाला नाही. जलाशयाचा काही भाग सातपुडा राष्ट्रीय उद्यान आणि बोरी अभयारण्य यांच्या हद्दीत येतो. पुढे हा सगळा प्रदेश व्याघ्र प्रकल्पात गेला आणि २००६ अखेर पट्टा संपला तेव्हा त्याचे नूतनीकरण झाले नाही. इथे चौथा दावेदार उभा राहतो आणि तो बोलू शकत नाही: वाघ, मगर, आणि खुद्द मासा. त्याचा हक्क मी हलका मानत नाही. माणसाने सगळेच पाणी आपल्या ताटात वाढून घ्यावे हा विचार मला असह्य होतो. परंतु त्याच डोंगरावर वाघाच्या नावाने ज्याला मासा धरू दिला जात नाही त्यालाच त्याआधी तोफगोळ्यांच्या आणि धरणाच्या नावाने उठवलेले असते, तेव्हा राष्ट्राच्या प्रत्येक नव्या सद्‌गुणाची किंमत तोच एक माणूस का मोजतो, असे विचारावेसे वाटते. अभयारण्य चुकीचे आहे असे यातून निघत नाही. बिल चुकीच्या पत्त्यावर जाते, एवढे निघते.

खंडव्याहून पन्नासएक किलोमीटरवर, इंदिरा सागराच्या काठी, हनुवंतिया नावाचे ठिकाण पर्यटनासाठी विकसित झाले आहे. २०१६ पासून तिथे जलमहोत्सव भरवला जातो. लोक दुरून येतात, तंबूत राहतात, रंगीत नावांतून पाण्यावर हिंडतात, आणि अंगावर नारिंगी जाकीट घालतात. मला यात काही गैर वाटत नाही. माणसाला मोठ्या पाण्यावर एकटे जावेसे वाटणे ही निरोगी गोष्ट आहे. भीतीची चव घेतल्याशिवाय धैर्य कळत नाही. तरीही हौसेने पत्करलेल्या धोक्याला आपण साहस म्हणतो, त्याची छायाचित्रे काढतो. आणि पोटासाठी पत्करलेल्या त्याच पाण्यावरच्या, त्याच वाऱ्यातल्या धोक्याला बेफिकिरी म्हणतो. माणूस बुडाला की, एवढ्या वाऱ्यात जायलाच नको होते, असे पहिले वाक्य काठावरच्या सुरक्षित तोंडातून बाहेर पडते. जाकिटाची किंमत फार नसते. ती कोणाच्या हिशेबात धरायची हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. तराजूवर मासा घेणारा तो आपला खर्च मानत नाही.

कयाकचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. आज खेळाच्या दुकानात मिळणारी ही नाव मुळात ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेच्या हिमप्रदेशातील इन्युइट लोकांची शिकारीची नाव. सांगाडा वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा, वर सीलचे कातडे. ती एकट्याची असते. त्या शिकाऱ्यांना होणारी एक व्याधी डॉक्टरांनी नोंदवून ठेवली आहे. ती वादळात होत नाही. पाणी आरशासारखे निश्चल असते, सूर्य समोर असतो, शिकारी बराच वेळ न हलता बसलेला असतो, आणि एकाएकी त्याला वाटू लागते की नाव पाण्याने भरते आहे, आपण उलटणार, वर काय आणि खाली काय हेच कळत नाही. हातपाय चालेनासे होतात. दुसरी कयाक जवळ आली, कुणी तिला नुसता हात लावला, की भ्रम ओसरतो. ज्याला हा विकार जडला त्याने पुढे समुद्रावर जाणेच सोडल्याची उदाहरणे आहेत.

आणि एवढ्या एकटेपणी मारलेला सील त्याचा एकट्याचा नसे. कोणता भाग कोणाच्या घरी जायचा याचे ठरलेले रिवाज होते. हे औदार्य म्हणून होत नसे. तसे करायचे असते म्हणून होत असे. त्या नावेचे कातडे घरच्या बायकांनी शिवलेले असे. एक टाका सैल राहिला तर तो परत येणार नाही हे दोघांनाही ठाऊक असे. लॉकला हे दिसले नाही. ज्याला आपण एकट्याचे श्रम म्हणतो त्यांत किती जणांचे हात मिसळलेले असतात! आमच्या भोयाची ट्यूब पंक्चरवाल्याने ठिगळ लावून दिलेली, जाळे घरच्या बाईने दुपारी ओसरीवर बसून सांधलेले, आणि मासा बाजारात नेऊन विकणारीही बहुतेक वेळा तीच. सभासदत्वाच्या कागदावर तिचे नाव फार क्वचित असते.

तेव्हा माझा कौल असा. मासा पूर्वी कोणाचा होता याच्या उत्तरातून निवाडा होणार नाही. पाणी राखण्याची जबाबदारी कोण घेणार आणि ती घेण्याइतका भरवसा त्याला कोण देणार, यातून तो होईल. मध्य प्रदेशात दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. हा नियम शहाणपणाचा आहे. याच दिवसांत पुराच्या चढत्या पाण्याला तोंड देऊन मासे वर जातात आणि अंडी घालतात. पण हे दोन महिने म्हणजे घरात दाणा नसण्याचेही दिवस. शेते पेरून झालेली, मजुरी थांबलेली, शाळेची वह्या-पुस्तके घ्यायची असतात. बंदीच्या दिवसांसाठी बचत-मदतीची सरकारी योजना आहे. ती नोंदलेल्या सभासदाला मिळते, आणि ट्यूबवरचा माणूस पुष्कळदा कोणाचाच सभासद नसतो. अशा वेळी जुलैच्या एखाद्या रात्री, आभाळ गच्च भरलेले असताना, तो ट्यूब खांद्यावर टाकून पाण्याकडे निघतो. जाळ्यात अंडी भरलेली चार किलोची मादी येते. तिला सोडले तर पुढच्या वर्षी हजारो मासे, हे त्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले कळते. ते मासे धरण्याचा पट्टा पुढच्या वर्षी कोणाकडे असेल, हे त्याला ठाऊक नसते. त्याला मी ती सोड असे सांगेन. मात्र सांगताना त्याच्या डोळ्यांकडे पाहणे मला जमेल असे वाटत नाही.